राखेतलं पाऊल

सुलीचा उजवा पाय निळा पडला होता आणि बाहेर ढोलकी सुरू झाली होती. देवळाली प्रवराजवळच्या एका गावची जत्रा होती. पालखीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी असते, म्हणजे आलेल्या प्रत्येक बारीनं, नाचगाण्याच्या फडानं, देवळापुढच्या मैदानात, भर उन्हात, साऱ्या गावासमोर नाचायचं. आमच्या दोघींची ही पहिलीच हजेरी. राहुटीत मी तिच्या पायाशी वाकून पाहिलं, तर चाळाची दोरी पोटरीत रुतून बसली होती. चाळ, म्हणजे घुंगरांच्या माळा, कापडाची पट्टी गुंडाळून तिच्यावर बांधायचे असतात. हिनं पट्टीच घेतली नव्हती.

"चिमटा काढ," ती म्हणाली.

मी काढला, चांगला नखं रुतवून काढला.

"काढ की गं," ती म्हणाली.

सुली, म्हणजे सुलोचना, गेल्या महिन्यात गेली. तिच्या नातवाचा फोन आला, "झोपेतच गेली आजी." मी म्हटलं, बरं झालं, हाल नाही झाले. मला रडू आलं नाही. तिच्या चांगुलपणाबद्दल लिहायला लोक आहेत, आणि ती काही फार चांगली नव्हती, तोंडाची फटकळ होती. मला आठवला तो तिचा पाय...

लढाईची वर्षं होती. रॉकेल मिळायचं नाही, म्हणून आमची तालीम सकाळीच व्हायची. माझ्या सख्ख्या मावशीची बारी होती आणि भिंगारला पत्र्याच्या खोलीत आम्ही राहायचो. सुलीला तिच्या मामानं आणून सोडलं होतं. "नाचली तर ठिवा, न्हाई तर ऊस तोडाय नेतो," एवढं बोलून तो गेला. मावशीकडे आरसा नव्हता. ती चुलीतली राख चाळून फरशीवर पसरायची आणि आम्हाला तिच्यावर नाचायला लावायची. मग ढोलकी थांबवून उकिडवी बसायची आणि आमची पावलं वाचायची. टाच खोल उमटली की म्हणायची, "मागं रेलतीयास. गुडघं जातील, मंग बस रडत." चवडा खोल दिसला की पाठीत धपाटा. "पाय कुठं पडतो ते डोळ्यानं बघू नगंस. तळव्याला इचार." मी धपाटेच खाल्ले. सुलीचं पाऊल मात्र महिन्याभरात अख्खं उमटायला लागलं, टाच, कड, पाचही बोटं, सगळं सारखं. वजन कुठं आहे हे तिला आतून कळायचं. फक्त तिच्या पोटऱ्या काटकुळ्या. चाळ घसरून घोट्यावर यायचे आणि दुसऱ्या बारीतल्या बाया तिला बगळी म्हणायच्या. म्हणून त्या दिवशी तिनं पट्टी टाकून दोरी नुसत्या कातडीवर करकचून आवळली होती.

मी सरळ मावशीला बोलावून आणलं. तिनं पाय पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. पण पूजा करून बांधलेले चाळ नाच संपल्याशिवाय सोडायचे नाहीत, सोडले तर बारीत मरण येतं, असं आम्ही सगळ्याच मानायचो. "आता सुटायचं न्हाई," मावशी म्हणाली, "गण झाला की एकच लावणी घिऊ." सुली म्हणाली, "नाचते की मी. मामा आलाय बघाय." मामा खरंच पुढच्या रांगेत बसला होता.

आम्ही मैदानात उतरलो. मैदानात फुफाटा होता, राखेसारखाच मऊ. सुली हसत होती, हात बरोबर चालले होते, लोक शिट्ट्या मारत होते. मी तिच्या समोर होते, मला जमीन दिसत होती. डावं पाऊल अख्खं उमटत होतं. उजव्याचा नुसता ओरखडा. गिरकी आली तेव्हा पाय मुडपला, तरी ती त्याच्यावरच वजन टाकून फिरली, तोंडावर तेच हसू. तिला कळलंच नव्हतं... मावशी मागं गात होती. तिचंही लक्ष खाली गेलं. ती गाता गाता गप्प झाली, ढोलकीवाल्याला हातानं थांबवलं, कमरेच्या बटव्यातून अडकित्ता काढला आणि गावासमोर खाली बसून दोरी कापली. घुंगरं फुफाट्यात पांगली.

एक म्हातारा ओरडला, "अगं बाई, देवाच्या दारात चाळ तोडलं? काय कळतं का न्हाई तुला?"

"चाळ भिंगारच्या बाजारात मिळत्यात, पाटील. पाय मिळत आसंल तर सांगा, दोन घिऊन ठिवते."

 थोड्या वेळानं सुली किंचाळली, पायात आग झाली म्हणून. मावशी म्हणाली, "वरड. आजून वरड." आम्हाला न जेवता गावाबाहेर काढलं. त्या गावानं पुन्हा कधी सुपारी दिली नाही. मामा सुलीला न्यायला पुढं आला, तेव्हा मावशीच्या हातात अजून अडकित्ता होता. तो तसाच परत गेला.

सुली पुढं पुष्कळ वर्षं नाचली. उजवी करंगळी तेवढी बधिरच राहिली. म्हातारपणी ती नागापूरला मुलाकडे असायची. मी मुक्कामाला गेले की सकाळी बघायचे, खाटेवरून उठायच्या आधी ती एकेक बोट फरशीवर दाबायची. करंगळीपाशी आली की म्हणायची, "ही भवानी आजून आली न्हाई."

दहाव्याला गेले तेव्हा तिच्या खाटेवर बसले. समोर तीच फरशी. मीही बोटं दाबून पाहिली. दहाही लागली.

त्या हजेरीला आम्ही तिघी उतरलो होतो. मावशी कधीच गेली. सुली आता गेली. मी आहे.