भोपळ्याचे पाय

चौकातल्या मटणाच्या दुकानात तीस वर्षं खिम्याच्या मशीनवर उभी, म्हणून तिला सगळे मशीनमावशी म्हणायचे. गिऱ्हाईकं म्हणायची, मालक म्हणायचा, आणि मालकाचा थकलेला बाप, जो तिच्याहून चांगला वीस वर्षांनी थोरला, तोही म्हणायचा. तिचा हात म्हणजे तराजू. अर्धा किलो सांगा, मूठभर उचलून पारड्यात टाकायची आणि काटा बरोब्बर जागेवर येऊन थांबायचा. मालक गिऱ्हाइकांना सांगायचा, "काटा बिघडला तर चालेल, मावशी बिघडून चालायची नाही."

अशी मापात पक्की बाई एकाच ठिकाणी माप विसरली.

तिला एक लेक. लेक सहा महिन्यांची असताना नवरा जो निघून गेला तो कुठे गेला हे त्याचं त्यालाच ठाऊक. मावशीनं रडणंबिडणं केलं नाही, तेवढी सवड नव्हती. रस्त्याच्या खालच्या अंगाला एक खोली होती, तिच्या खिडकीतून समोरची भिंत दिसायची आणि भिंतीच्या वर लोकांच्या चपला. तिथं शेजारच्या इस्त्रीवाल्या बाईच्या भरवशावर पोर टाकून ती दिवसभर मशीनवर. दूध असायचं, पण त्यात दूध कमी आणि पाणी जास्त. पोर चालायला लागली तेव्हा तिच्या दोन पायांच्या मधून मांजर पलीकडे जाईल अशी कमान झाली होती.

डॉक्टरांनी विचारलं, "पोरीला ऊन मिळतं का? दूध पुरेसं पिते?"

"मिळतं की. पिते की," मावशी म्हणाली. आपल्या घरात ऊन नाही हे परक्या माणसाला कसं सांगायचं? तिला लाज वाटली. डॉक्टरांनी तिच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि भलतीच दुखणी शोधत बसले. त्यात आठ महिने गेले. पुढं दुसऱ्या डॉक्टरांनी पोरीचा पांढराफटक चेहरा बघूनच ओळखलं, हा मुडदूस. मग औषधाची गोड बाटली आली आणि रोज सकाळी गच्चीवर उन्हात बसणं आलं. पाय सुधारले, पण अर्धेच. लेक आता तिशीची झाली, नकाशे काढायच्या कचेरीत चांगल्या नोकरीला लागली, दोघी तिसऱ्या मजल्यावरच्या उजेडाच्या घरात आल्या. तरी लेक चालताना डावीकडे झुलायचीच. आणि ती पुढं चालत असली की मावशी मुद्दाम चपलेत खडा गेल्याचं निमित्त करून मागं राहायची. मागून बघायचं, आणि बघवायचं तर नाही. हे असं अठ्ठावीस वर्षं चाललं होतं.

मग लेकीनं पिल्लू आणलं. दोन महिन्यांचं, मोठ्या हाडापेराच्या जातीचं. बाप म्हणे मागच्या पायांवर उभा राहिला तर दाराच्या वरच्या कडीला तोंड लावायचा. गोल गरगरीत, बसलं की बूड आणि पोट वेगळं कळायचं नाही. मावशीनं बघताक्षणी नाव ठेवलं, भोपळ्या. आणि आठवड्यातच लेकीला कचेरीनं तीन महिन्यांसाठी बाहेरगावच्या मोजणीच्या कामावर धाडलं.

जाताना लेकीनं डॉगफूडची मोठी गोणी दाखवली. स्टीलचा पेला दिला, त्याला नेलपॉलिशची लाल रेघ ओढलेली. "या रेघेपर्यंत, दिवसातून तीनदा. यात सगळं असतं, आई. वरून काही घालू नकोस."

"हे खडे?" मावशी दाणे तळहातावर घेऊन म्हणाली. "खडे खाऊन कुणाची हाडं झालीत?"

"माझ्याकडे बघून बोल. घालणार नाहीस ना?"

"नाही गं बाई. तुझं कुत्रं, तुझी रेघ."

रेघ तिनं पाळली, अगदी काटेकोर. फक्त रेघेच्या बाहेर जे घातलं त्याला माप नव्हतं. मटणाच्या दुकानातली बाई ती. कोंबडीच्या माना, कोवळी हाडं, सांध्याची टोकं रोज पाटीभर उरायची. हाडातलं तिला कळत होतं. शिजवलेल्या हाडाच्या काड्या होतात, त्या आतडं फाडतात, म्हणून शिजवलेलं कधी घालायचं नाही. कच्चं मशीनमधून दोनदा काढायचं की लोण्यासारखं. तशा माना दळून ती डब्यात घालून आणायची. मोरीच्या उंबऱ्याशी भोपळ्या ताटकळत बसायचा. डब्याचं झाकण उघडताना जो आवाज व्हायचा त्यानं त्याचं सगळं अंग हलायचं, शेपटीपासून कानापर्यंत. मावशीला वाटायचं, आपल्या हातून कुणाचं तरी पोट असं भरतंय. एकदा तरी.

मालकानं एकदा विचारलं, "मावशी, कुत्रं पाळलंय का वाघ?"

"हाडं मजबूत व्हायला नकोत?"

"अति तिथं माती होते हो."

"तुमच्या तोंडात माती," ती म्हणाली आणि दोघं हसले.

दुसरा महिना सरता सरता भोपळ्याच्या पुढच्या पायांची मनगटं सुजल्यासारखी दिसायला लागली. मग पंजे बाहेरच्या बाजूला वळले. एक दिवस तो दारातून तिच्याकडे धावत आला, डावीकडे झुलत. ही चाल तिला ओळखीची होती.

इथं दुसऱ्या कुणी पिल्लाला दवाखान्यात नेलं असतं. मावशीनं विचारच केला नाही, कारण तिच्या लेखी त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. पाय वाकतात ते कमी पडलं म्हणून. तिनं माना दुप्पट केल्या. अंड्यांची टरफलं वाळवून, कुटून, पूड करून त्यात घातली. रोज सकाळी त्याला गच्चीवर उन्हात बसवून त्याचे पाय चोळत ती बोलायची, "आता नाही रे कमी पडू द्यायची. आता नाही."

लेक परत आली. दार उघडलं, भोपळ्या झोकांड्या खात आला, आणि तिच्या हातातली बॅग हातातच राहिली.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पायांचा एक्स-रे काढला, उजेडाला धरून पाहिला. "दाण्यांखेरीज काही घालता? हाडं, कॅल्शियमचं औषध? अशा मोठ्या जातीच्या पिल्लांना जादा कॅल्शियम झालं की पाय अगदी असेच होतात. म्हणून विचारते."

मावशीनं तोंड उघडलं, तेवढ्यात लेक म्हणाली, "छे हो. आईनं शब्द दिला होता मला. आणि मापाच्या बाबतीत माझी आई म्हणजे..." तिनं कौतुकानं मावशीच्या खांद्यावर हात ठेवला.

तो हात मावशीला दगडासारखा जड झाला. शब्द जिभेवर आलेला तिथंच विरघळला.

"मग जन्मजातच असेल," डॉक्टरीणबाई नाराजीनं म्हणाल्या. "रक्त तपासू. पंधरा दिवस बघू. वाढ चालू आहे तोवरच काही करता येतं, नंतर ऑपरेशन."

घरी येताना लेक हसून म्हणाली, "मालकिणीवर गेलाय, दुसरं काय." हसली, आणि जिन्यात एका जागी उगाच थांबली.

त्या दिवसापासून डबा दुकानातून रिकामा यायला लागला. मावशीनं माना बंद केल्या आणि तोंडही. चार दिवस तिला जेवण गेलं नाही. मशीनवर पहिल्यांदा माप चुकलं. पाव किलोच्या जागी काटा भलतीकडे गेला, आणि मालकानं आधी काट्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ती स्वतःला बजावायची, बंद केलंय ना आता, आपोआप सुधारेल, सांगून काय होणार आहे? आणि लगेच आतून दुसरं कुणी म्हणायचं, तेव्हाही तू असंच म्हणाली होतीस.

पाचव्या दिवशी सकाळी लेक ओट्याशी भोपळ्याचा वाडगा भरत होती. लाल रेघेपर्यंत दाणे झाले. मग तिनं पिशवीतून एक बाटली काढली, पांढऱ्या दाट औषधाची. झाकण उघडलं तसा गोड, खडूसारखा वास आला, आणि मावशी जागच्या जागी अठ्ठावीस वर्षं मागं गेली.

"हे काय?"

"कॅल्शियम. कचेरीतल्या एकीनं सांगितलं, तिच्या कुत्र्याला गुण आला. आठवतं, तू मला असलंच पाजायचीस? नाक दाबून." लेक चमच्यात ओतायला लागली.

मावशीनं वाडग्यावर हात आडवा धरला. औषध तिच्या बोटांवर सांडलं.

"अगं!"

"नको घालू. मी घातलंय."

"काय घातलंयस?"

"माना. दळून. रोज. आणि पाय वाकले तशा अजून घातल्या. टरफलं पण घातली." एकदा सुरू झालं ते तिला थांबवता येईना. "मला वाटलं, कमी पडतंय."

लेकीनं बाटली खाली ठेवली. तिचा आवाज चढला नाही; चढला असता तर बरं झालं असतं. "डॉक्टरीणबाईंनी तोंडावर विचारलं, आई. तू शेजारीच होतीस. गप्प का बसलीस?"

"तेव्हाही बसले होते," मावशी म्हणाली. "तुझ्या वेळी. त्यांनी ऊन विचारलं, दूध विचारलं. मी म्हटलं, सगळं मिळतं. आठ महिने गेले त्यात. ते गेले नसते तर तुझे पाय..."

भोपळ्या खाली बसून दोघींच्या हातांकडे आळीपाळीनं बघत होता. लेकीनं खिडकीकडे तोंड केलं. दाण्यांवर सांडलेलं औषध कडेनं सुकायला लागलं.

मग लेक वळली. डोळे लाल होते. "माझं राहू दे आत्ता," ती म्हणाली. "त्याचं सांग. रोज किती?"

दवाखान्यातही तेच विचारलं. मावशीनं आकडा सांगितला नाही. दुकानातून सोबत आणलेल्या दळलेल्या मानांतून तिनं टेबलावरच्या काट्यावर एक मूठ टाकली, मग दुसरी. "पहिले दोन महिने एवढं." मग आणखी दोन. "शेवटचा महिना एवढं. वर टरफलांची पूड, दोन चमचे." डॉक्टरीणबाईंनी काट्यावरचे आकडे लिहून घेतले.

"कच्चं घातलंत हा काही गुन्हा नाही," त्या म्हणाल्या. "नुसत्या हाडांवर वाढवायचं तर त्याचाही एक हिशेब असतो, नुसत्या दाण्यांवर वाढवायचं तर त्याचाही. तुम्ही भरल्या पोत्यावर दुसरं पोतं लादलंत. एवढ्या पिल्लाला जादाचं बाहेर टाकता येत नाही, ते हाडातच जातं. पण वेळेत सांगितलंत."

वेळेत. मावशीनं मान खाली घातली. चार दिवस आधीही वेळच होती.

भोपळ्याचा उजवा पाय पुढच्या चार महिन्यांत सरळ झाला. डावा झाला नाही, थोडा बाहेर वळलेला राहिला तो राहिलाच. लेक आठ-दहा दिवस कामापुरतंच बोलत होती. त्या जुन्या आठ महिन्यांचा विषय तिनं पुन्हा काढला नाही. मावशी वाट बघते आहे, पण नाही काढला. मात्र एक दिवस कचेरीला निघताना तिनं लाल रेघेचा पेला ओट्यावर आईच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "दुपारचं तू घाल."

मावशी घालते. रेघेपर्यंत. वर आलेला दाणासुद्धा सुरीच्या पाठीनं सपाट करते.

भोपळ्या ते सगळं खातो. वाडगा चाटून पुसून झाला की चालत मोरीच्या उंबऱ्याशी जातो, डावीकडे झुलत, आणि तिथं जुन्या जागेवर बसतो. तिच्या पिशवीकडे बघतो. पिशवीत डबा नसतो हे त्याला एव्हाना कळायला हवं होतं. तिनं त्याचं काय केलं हे त्याला माहीत नाही. त्याच्या लेखी ती अजून तीच, झाकण उघडणारी बाई. तो शेपटी हलवतो आणि वाट बघत बसतो. आणि मावशी, दुपारी त्या घरात दुसरं कुणी नसताना, त्याच्या नजरेला नजर द्यायचं टाळत मोकळा पेला पुन्हा पुन्हा धूत राहते.