परीक्षेच्या पाठाला मागच्या बाकावर

नवा खडू हातात आला की ताई आधी तो मोडायच्या. "अख्खा खडू किंचाळतो गं," म्हणायच्या. डमडमच्या आमच्या शाळेत एकोणीस वर्षं त्यांनी दुसरीचा वर्ग सांभाळला. माहेर-सासर दोन्ही मराठी, पण दोन्ही कोलकात्यातलीच. मराठी बोलताना मध्येच बंगाली शब्द यायचा आणि त्या स्वतःच हसत सुटायच्या. मी त्यांना ताई म्हणायचे.

तुम्हीही पाहिल्या असतील अशा बाई, ज्यांचा वर्गात आवाज कधी चढत नाही. पोरांनी दंगा केला की ताई उलट हळू बोलायला लागायच्या. मग ऐकू यावं म्हणून पोरंच गप्प.

एवढं असून त्यांच्याकडे बी.एड. नव्हतं. बी.ए.ला दोन टक्के कमी पडले, म्हणून प्रवेशच मिळाला नव्हता. मी नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे इकडे आलेली. शिकवता शिकवता बी.एड. करत होते. नव्या शिक्षकांना नोकरी टिकवायची तर ते हवंच होतं. माझी पाठटाचणं ताईच तपासायच्या. "उद्दिष्टं पानभर लिहिलीस. आणि मुलं काय करणार? टाळ्या वाजवणार?"

बी.एड.च्या परीक्षेचा पाठ त्यांच्याच वर्गावर होता. माझं धाबं दणाणलेलं. "मी मागे बसते, घाबरू नकोस," त्या म्हणाल्या. खरं तर पाठाच्या वेळी दुसऱ्या शिक्षकाने वर्गात थांबायचं नसतं. पाठ हातच्याच्या वजाबाकीचा, आणि नेमकी तिथेच मी अडखळले. चाळीस पोरांनी माना वळवून मागे ताईंकडे पाहिलं. परीक्षकांनीही पाहिलं.

"त्या कोण?"

"आया आहेत," मी म्हणाले.

कशी म्हणाले, देव जाणे. जिभेला हाड नसतं, दुसरं काय! ताई उठल्या. एका पोराचं नाक पुसलं, दुसऱ्याची बाटली उचलली आणि पाणी भरायला बाहेर गेल्या.

मी पास झाले. सगळ्या शाळेला संदेश मिठाई वाटली. ताईंची माफी मागायची राहिली. राहिली कसली, मागितलीच नाही. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती जास्त होती, खोटं उघडं पडलं तर निकालच रद्द होईल याची.

पुढच्या वर्षी शाळेने ठरवलं, बी.एड. नसलेले शिक्षक नकोत. ताईंचा वर्ग मला मिळाला. मुख्याध्यापिका स्टाफरूममध्ये त्यांना म्हणाल्या, "इतक्या वर्षांच्या तुम्ही, तुम्हाला जा म्हणणं जिवावर येतं. त्याच वर्गात आया म्हणून राहाल का?"

"नको मॅडम. ते काम मी एकदा करून पाहिलंय."

"तुम्ही? कधी?"

मी समोरच उभी होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"घरीच हो," त्या म्हणाल्या, "माझी पोरं लहान होती तेव्हा." आणि पिशवी उचलून निघाल्या.

तेव्हा तरी बोलायचं ना! मी हजेरीपट छातीशी धरून उभी राहिले, आणि घंटा झाल्यावर त्यांच्या वर्गावर गेले.