मागची पांढरी गाडी

पोलिसाच्या नोकरीत भल्याभल्यांना घाम फोडला. पण आजही हायवेवर आरशात एकच गाडी फार वेळ दिसली, की मुलुंडच्या त्या बाई आठवतात आणि मीच गाडी बाजूला घेऊन तिला पुढे जाऊ देतो.

नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून बाई लेकीसह माहेरी आल्या होत्या. जिवंत ठेवणार नाही, अशी त्याची धमकी होती. त्या रोज आपल्या छोट्या गाडीने घाटकोपरला कामाला जायच्या. एके दिवशी त्या घाबरलेल्या चेहऱ्याने आमच्या पोलीस ठाण्यात आल्या. एक पांढरी गाडी मुलुंडपासून मागे लागते, पुढेही जात नाही आणि मागेही पडत नाही, असं त्यांचं म्हणणं. हवालदार म्हणाला, हायवेवर पांढऱ्या गाड्या काय कमी आहेत? पण असला चेहरा घेऊन कुणी उगाच ठाण्याची पायरी चढत नाही.

दुसऱ्या सकाळी आम्ही साध्या वेशात, खाजगी गाडीतून पाळत ठेवली. विक्रोळी आली तरी पांढरी गाडी बाईंच्या मागेच होती. घाटकोपरला दोन्ही गाड्या सर्व्हिस रोडवर उतरल्या आणि आम्ही पांढरीला आडवे गेलो.

चौकशीत चालक रडायलाच लागला. तो वाहतूक सर्वेक्षणाच्या कंत्राटावर होता. रहदारीतली एक गाडी निवडायची, तिच्या मागे तिच्याच वेगाने जायचं. वेगाची नोंद यंत्र घेतं, समोरच्या रस्त्याचं चित्रण काचेवरचा कॅमेरा. दर फेरीला वेगळी गाडी निवडायची, असा नियम होता.

"मॅडम एकसारखी चालवतात ना साहेब," तो म्हणाला, "म्हणून रोज त्यांचीच धरायचो."

कंत्राटदाराने दुजोरा दिला. ठाण्यात हशा पिकला, बाईही हसल्या. तरी जबाब पडताळायचा म्हणून मी त्याच्या कॅमेऱ्यातलं चित्रण लावलं. प्रत्येक दिवशी बाईंच्या डावीकडे, जरा पुढेमागे, एक काळी मोटारसायकल होती. बाईंचं हसू मावळलं.

"हेल्मेट नवीन आहे," त्या म्हणाल्या. "गाडी त्याचीच."

संध्याकाळी नवऱ्याला कुर्ल्यातून उचललं. बॅगेत कोयता निघाला. आधी कानावर हात ठेवले. चित्रण दाखवल्यावर बोलला.

"सर्व्हिस रोडलाच गाठणार होतो. पण ती पांढरी गाडी रोज तिच्या मागे उतरायची."

 घाबरलेला माणूस चुकीच्या गाडीकडे बोट दाखवेल, पण तेवढ्यावरून त्याची तक्रार खोटी ठरत नाही, हे पुढे मी प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला बजावलं. त्या दिवशी चालकाला समज देऊन प्रकरण मिटवलं असतं, तर दुसऱ्या सकाळी बाईंच्या मागे ती पांढरी गाडी नसती.