मेसॉनवाल्या मॅडम

“थांबा, परत मोजू.”

आमच्या शिरूरच्या कॉलेजात पोरं मॅडमची नक्कल करायची ती याच वाक्यानं. लंबकाची वेळ असो की तारेची जाडी, तीनदा मोजल्याशिवाय त्या जर्नलवर सही करत नसत. मी फिजिक्स लॅबचा शिपाई. मॅडम मला चहात दीड चमचा साखर सांगत, आणि ती दीडच लागे.

दौंडहून एसटीनं यायच्या, दरवर्षी नवा अर्ज करून तासिका तत्त्वावर शिकवायच्या. डबा झाला की कागद पसरायच्या. एकदा विचारलं, “एवढं काय लिहिताय?”

“मामा, मेसॉन नावाचा बारीक कण असतो. तो फुटला की तुकडे मोजतात. परदेशात एका प्रयोगात तुकड्यांची बेरीज कमी भरतेय, आणि तीही अपेक्षेपेक्षा जास्त वेळा. मला वाटतं, उरलेलं डार्क मॅटर घेऊन जातंय.”

“म्हंजी काळं कायतरी?”

“काळंही नाही. दिसतच नाही. पण आकाशगंगा त्यानंच धरून ठेवल्यात.”

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “गप आपलं काम करतंय, तर त्याला शोधायचं कशापायी?” दुसऱ्या दिवशी हे ऐकून मॅडम डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

सहा वर्षं त्यांनी त्या एका कणाचं गणित मांडलं. लग्नाचं विचारणाऱ्यांना म्हणायच्या, “एवढं होऊ द्या.”

एक दिवस प्रॅक्टिकल चालू असताना त्यांनी मोबाइल पाहिला आणि उलटा ठेवला. मग राहिलेल्या सगळ्या जर्नलवर सह्या केल्या. पोरं गेल्यावर म्हणाल्या, “मामा, त्या परदेशातल्या प्रयोगात काही नव्हतंच. बेरीज जास्त वेळा कमी भरतेय असं दिसत होतं, ते गेलं.”

मी आपलं समजुतीचं बोललो, “चुकलं असंल. परत मोजतील की.”

“परत मोजलं म्हणूनच कळलं, मामा.”

“मग दुसरीकडं बघा.”

त्यांनी मान हलवली. कागद पिशवीत न भरता तशाच बसून राहिल्या. शेवटची एसटी चुकेल म्हणून मीच त्यांना उठवलं. पुढच्या वर्षी त्यांनी अर्जच केला नाही.

परवा भाचीच्या ॲडमिशनसाठी दौंडच्या एका क्लासमध्ये गेलो. वर्गाचं दार उघडं होतं. मॅडम शिकवत होत्या, फळ्यावर प्रश्न आणि खाली चार पर्याय. मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, “मॅडम, डार्क मॅटर म्हंजी काय ओ?”

मॅडमनी फळ्याकडेच तोंड ठेवून आधीचा प्रश्न पुसला.

“ते परीक्षेला नाही,” म्हणाल्या आणि पुढचा प्रश्न वाचू लागल्या.