वाईट दिवसाची परीक्षा

उकेबाई कुणाच्याही घरी गेल्या की आधी हात पुढे करायच्या, पण नमस्कारासाठी नव्हे. रेडिओ, मिक्सर, पंख्याचा रेग्युलेटर, जे काही चालू असेल त्याला त्या पालथा हात लावायच्या, लहान मुलाचा ताप बघतात तसा. माझ्या भाड्याच्या खोलीत त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा मी चहा टाकत होते. त्यांनी रेडिओला हात लावला आणि म्हणाल्या, "काहून वं कुमुद, याले भिंतीले चिकटवून ठेवलं? श्वास तर घेऊ दे." मग त्या बसल्या. त्या भौतिकशास्त्र शिकवायच्या, मी मराठी. शाळा एक, गल्लीही एक. त्या माझ्याहून बऱ्याच मोठ्या होत्या, आणि मी त्यांना शेवटपर्यंत 'बाई'च म्हणत राहिले.

वस्तू घेताना त्यांचा एकच प्रश्न असायचा. दुकानदार कुकरचे गुण सांगू लागला की त्या त्याला मध्येच थांबवत. "चांगल्या दिवसाचं राहू द्या भाऊ. वाईट दिवशी हे काय करते, ते सांगा." छत्री घेतली तर ती दुकानाबाहेर वाऱ्यात उघडून बघायच्या. मला बघायला आलेल्या मुलाला त्यांनी विचारलं, "राग आला की काय करता?" तो म्हणाला, मला राग येतच नाही. तो गेल्यावर बाई म्हणाल्या, "मुलगा चांगला आहे, पण याची टेस्ट झाली नाही अजून." मी त्याच्याशीच लग्न केलं. टेस्ट पुढे यथावकाश झाली आणि तो पास झाला, हेही मला बाईंनीच कळवलं.

त्यांच्या स्वतःच्या घरात वाईट दिवस वरचेवर येत. त्यांची एकुलती मुलगी सुजाता सिकलसेलची. हा आजार आमच्या नागपूरकडे घरोघरी ठाऊक आहे. रक्तातल्या पेशी वाकड्या होऊन नसांत अडकतात, आणि सांधे असे दुखतात की सोशिक माणूसही ओरडतं. थंडी लागली तरी दुखणं, उन्हाने अंगातलं पाणी आटलं तरी दुखणं. मग धंतोलीतला दवाखाना. सहामाही परीक्षा अर्धी, चित्रकलेची परीक्षा अर्धी, मामाच्या लग्नातूनही तिला मधूनच उचलून न्यावं लागलं होतं. एकदा मी तिला कादंबरी वाचायला दिली. तिने ती हातात तोलून बघितली आणि परत केली. "मावशी, बारीक द्या. मोठी पुरी होत नाही माही."

ऐंशीच्या दशकाच्या मध्याची ही गोष्ट. बर्डीच्या बाजारातल्या एका दुकानात नाणं टाकून खेळायचा व्हिडिओ गेम आला होता. सुजाताला तिथल्या गर्दीत उभं राहवेना. बाईंनी दाराशी उभं राहून ते यंत्र नीट बघितलं, मुंबईहून सुट्या भागांचा संच मागवला आणि दिवाळीच्या सुट्टीत घरीच एक कॉम्प्युटर जोडला. गल्लीत तोवर कुणी कॉम्प्युटर पाहिलेला नव्हता. तो छोट्या काळ्यापांढऱ्या टीव्हीला लावायचा, टेपरेकॉर्डरवर कॅसेट चढवायची, आणि बऱ्याच किरकिरीनंतर पडद्यावर एक होडी यायची. खडक चुकवत तिला एकामागून एक तलाव पार करायचे. मध्येच वीज हलली की सगळं पुसलं जायचं आणि पुन्हा कॅसेटपासून सुरुवात. सुजाताने पहिल्याच आठवड्यात आईला सांगितलं होतं, "आई, ही होडी मले शेवटच्या काठाले न्यायची आहे. एक तरी गोष्ट पुरी करायची आहे."

कॉम्प्युटरला घरातली वीज थेट चालत नाही. ती कमी करून, एकसारखी करून देणारा पॉवर सप्लाय लागतो. बाईंनी तो बर्डीवरूनच तयार घेतला, हलका आणि नीटस. हिवाळाभर तो उत्तम चालला. मग होळी झाली, खिडक्याखिडक्यांत कूलर बसले, आणि दुपारी ते एकदम सुरू झाले की घरोघरचे दिवे पिवळे पडू लागले. सुजाताची होडी सातव्या नाहीतर आठव्या तलावात असायची आणि पडदा कोरा व्हायचा. ती कॅसेट मागे फिरवायची. बाई मला म्हणाल्या, "चूक माही आहे. मी त्याले थंडीत पास केलं. नागपुरात राहून थंडीत."

दुसरा सप्लाय त्यांनी गांधीबागेतल्या एका मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून जाड ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेऊन स्वतःच बनवला. विटेएवढा होता. दुपारी विजेचा दाब कितीही पडला तरी तो पुरा पडायचा. पण एका सकाळी वादळी पाऊस येऊन गेला, कूलर बंद झाले आणि विजेचा दाब चढला. बाईंनी सप्लायच्या डब्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "बंद कर वं सुजाता. याले ताप आहे."

बाईंचे यजमान उकेसाहेब रेल्वेत होते, त्या दिवशी घरी होते. ते म्हणाले, "अवं, चालून राहिलं ना? मग चालू दे."

"दुपारी जगते, सकाळी जळते. असली वस्तू पोरीच्या उशाशी ठेवू?"

तेव्हा सुजातानेच तोडगा काढला. त्यांच्या घरातल्या तारा जुन्या होत्या. घरचा कूलर बंद केला असता तरी बराच फरक पडला असता. "मी खेळेपर्यंत आपला कूलर बंद ठेवू, आई. तेवढं चालते मले." बाई भाजी निवडत होत्या, त्यांनी हात थांबवला नाही. "खेळायचं का गारव्यात बसायचं, हे तू निवडायचं नाही. तू दोन्ही करायचं. निवडायचं काय ते मी निवडते."

 एकदा शाळेच्या वाटेवर त्यांनी मला अचानक विचारलं, "तुह्या घरी नळाले पाणी कधी येते?"

"कधीही. कधी येतच नाही."

"मग तहान लागली की नळाकडे जातेस?"

"नाही. माठाकडे."

"आणि मी इतके दिवस पोरीले नळाले तोंड लावून पाजून राहिली," बाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी रिक्षातून ट्रकची बॅटरी आली आणि व्हरांड्यात लाकडी पेटीत बसली. भिंतीतली वीज जमेल तेव्हा, जमेल तेवढी बॅटरी भरत राहणार. कॉम्प्युटर आणि टीव्ही दोन्ही फक्त बॅटरीवर चालणार. गल्लीतल्या कूलरांशी त्यांचा संबंधच उरणार नव्हता. बॅटरीत अधूनमधून शुद्ध पाणी घालावं लागे, ते बाई स्वतः घालत. उकेसाहेब मला ऐकवत म्हणाले, "तिले पाणी पाजते, मले चहाचंही विचारत नाही."

"तुम्ही चार्ज धरत नाही," बाई म्हणाल्या.

सगळं जोडून झालं तरी त्यांनी सुजाताला लगेच खेळू दिलं नाही. आधी त्यांनी वाईट दिवस शोधला. मे महिन्यात समोरच्या घरी लग्न होतं. मांडव, दिव्यांच्या माळा, भोंगे, आणि गल्लीतला एकूण एक कूलर चालू. तेव्हा बाई म्हणाल्या, "बस आता." सुजाता ओढणी पांघरून बसली. गार झोत थेट तिच्यावर येऊ नये म्हणून कूलरचं तोंड भिंतीकडे वळवलेलं होतं. दिवे पिवळे झाले. सातवा तलाव गेला, आठवा गेला. मग गल्लीतली वीजच गेली. भोंगे गाण्याच्या मध्यात थांबले, कूलरची घरघर एकेक करून विझली. पडद्यावर होडी चालत होती.

मांडवातली माणसं दारात जमली. कुणीतरी विचारलं, "बाई, तुमच्याच घरी लाइन कशी काय?"

"चूप राहा गा," पुठ्ठ्याने मुलीला वारा घालत बाई म्हणाल्या. "पोरगी होडी हाकून राहिली."

शेवटच्या तलावात दोनदा होडी खडकाला घासली. मग ती काठाला लागली, कोपऱ्यातला आकडा थांबला, आणि पुढे काहीच आलं नाही. सुजाता आईकडे वळली.

"आई, पुरं झालं."

"झालं ना? मग पाणी पी. गडूभर."

सुजाता दहावी दुसऱ्या खेपेला आणि बारावी पहिल्या खेपेला पास झाली, भौतिकशास्त्र घेऊन कॉलेजात गेली. आजार होताच, दवाखानाही होता. पण गेल्या त्या आमच्या बाई, ती कॉलेजात असतानाच. पावसाळ्याच्या दिवसांत त्या नववीच्या वर्गावर विद्युतदाब शिकवत होत्या. फळ्यावर उदाहरण मांडलं, "म्हणून" असं म्हणाल्या, आणि टेबलाचा आधार घेऊन खुर्चीत बसल्या. त्या पुन्हा उठल्या नाहीत. हे एवढं लिहायलाही मला फार वेळ लागला.

घरी बुद्धवंदना झाली, नातेवाईक पांगले, आणि एका सकाळी सुजाता शाळेत आली. गुडघे सुजलेले होते. मुख्याध्यापिकाबाईंना म्हणाली, "आईचा तास अर्धा राहिला आहे. तो मला घेऊ द्या." त्या माझ्याकडे बघू लागल्या. मी तिला वर्ग दाखवला.

मुलींनी तो फळा कुणाला पुसू दिला नव्हता. सुजाताने आईचं उदाहरण वाचलं, मुलींनाही मोठ्याने वाचायला लावलं, आणि त्याच्या खाली आपल्या अक्षरात पुढची पायरी लिहिली. मग दुसरं उदाहरण घेतलं. उभं राहणं जमेना तेव्हा खुर्ची फळ्याजवळ ओढून बसून लिहू लागली. मी मागच्या बाकावर बसले होते. घंटा झाली, मुली चुळबुळल्या, मी तिच्यासाठी पाण्याचा पेला घेऊन उठले.

"थांबा मावशी," ती म्हणाली. मग मुलींकडे वळली. "बसा वं पोरींनो. एक उदाहरण राहिलं आहे."

पोरी बसल्या.