तळघरातली वाफ आणि धूप

लेकीनं हाताला सॅनिटायझर चोळलं, आणि त्या वासासरशी परदेशात, पार्सिपनी गावातल्या आमच्या जुन्या घराचं तळघर आठवलं. नवरा तिथे चोरून स्पिरिट गाळायचा. कुकरला तांब्याची नळी जोडून, फटी कणकेनं लिंपून. त्या संध्याकाळी कणीक तडकली आणि स्पिरिटची पेट घेणारी वाफ तळघरभर कोंदली. तेवढ्यात सासूबाई घरभर धूप फिरवत जिन्यावर आल्या. धुपाटण्यात निखारे रसरसत होते.

“आई, खाली येऊ नका! तो धूप आधी बाहेर न्या!” मी किंचाळले.

त्या थिजल्या. धुपाटणं घेऊन माघारी वळल्या.

“आईला यातलं काही सांगू नकोस, प्लीज,” नवरा कुजबुजला.

मी नाही सांगितलं. सासूबाई मात्र शेवटपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, “सूनबाईला देवाधर्माचा तिटकारा आहे.”

नवरा समोर बसून मुकाट जेवायचा.