चार डबे

लेखात मला प्राचीन इराणच्या पार्थियन लिपीतला एकच शब्द हवा होता: राजा. घरच्या कॉम्प्युटरवर तो उजवीकडून डावीकडे अगदी ऐटीत बसला होता. प्रेसमध्ये डीटीपी करणाऱ्या सुनंदाताईंनी फाइल उघडली आणि त्याच्या जागी चार रिकामे चौकोन आले.

"सर, डबे येतायत."

फॉन्ट दिला. अक्षरं आली, पण उलट्या क्रमाने. राजाचा पार जारा झाला. क्रम सुधारला, तर पुन्हा डबे.

"चित्र टाकू का त्याचं?"

चित्र! म्हणजे जित्याजागत्या अक्षराचा फोटो करून, हार घालून भिंतीवर टांगायचा. माझं डोकंच फिरलं. ज्याने हा शब्द खडकावर कोरला, त्याला कुणी विचारलं नव्हतं की वाचणाऱ्याकडे फॉन्ट आहे का. शतकानुशतकं ऊनपाऊस सोसून अक्षरं टिकली, आणि माझ्या घरापासून या प्रेसपर्यंत टिकू नयेत?

बरं, ती पार्थियन माणसंही अशी की राजासाठी लिहायची परक्या अरामी भाषेतलं 'मलका' आणि वाचायची आपलं 'शाह'. डोळ्यांपुढे एक, तोंडात दुसरंच. तरी कुणाचं काही अडलं नाही.

संध्याकाळी प्रूफ हातात आलं. चारही डबे काळ्या शाईत, ठसठशीत. मी चष्मा सारखा केला, त्यांच्यावर बोट ठेवलं आणि चिडून मोठ्याने वाचलं, "शाह!"

सुनंदाताईंनी मान वर केली.

"वाचता येतंय की! मग सोडू ना छपाईला?"